अडत दुकान, बेदाण्याची शेड आणि पहिली प्रेमकादंबरी : सांगलीतलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण सांगलीतल्या एका लेखिकेच्या पहिल्या कादंबरीचं आहे. कादंबरी प्रेमकथा आहे. मी हस्तलिखितं वाचून लेखकांना सूचना देण्याचं काम करते. या कादंबरीशी माझा संबंध दुसऱ्या खर्ड्यापासून शेवटच्या प्रुफापर्यंत आला. हा मजकूर लेखिकेनं वाचला आहे आणि तिची परवानगी आहे. तिचं, घरच्यांचं, ॲपचं आणि प्रकाशकांचं नाव गाळलं आहे, ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत.

सविस्तर लिहावंसं वाटलं, त्याला कारण आहे. मराठीत प्रेमकथेला वाचक भरपूर, पण ती लिहिणाऱ्याशी कामाचं बोलणारं माणूस सहसा भेटत नाही. घरचे एकतर कौतुक करतात, नाहीतर लाजतात. साहित्यातली मंडळी नाक मुरडतात. खर्डा कुठे ढिला पडलाय, करारात नेमकं काय लिहिलंय, हे सांगणारं कुणी मिळेपर्यंत बऱ्याचदा पहिलं पुस्तक हातचं गेलेलं असतं.

लेखिका पस्तिशीतली, बी.कॉम. झालेली. मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानात हिशेब बघते. हळद आणि बेदाणा हे तिथले मुख्य माल. सौदा झाला की शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाची पावती, करायची, हमाली-तोलाई धरायची, कुठल्या व्यापाऱ्याचं येणं किती दिवस रखडलंय यावर डोळा ठेवायचा. घरी नवरा, सासूबाई आणि शाळेत जाणारा मुलगा. लिहायचं पहाटे पाचला, नळाला पाणी यायच्या आधी.

कथेचं बीज ऑगस्ट २०१९ मधलं. त्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. गावभागातलं तिचं सासरचं घर पाण्यात गेलं आणि सगळं कुटुंब तासगाव तालुक्यात मावशीकडे राहायला गेलं. मावशीची बेदाण्याची शेड त्या दिवसांत रिकामी होती. लोखंडी अँगलवर एकाखाली एक ताणलेल्या जाळ्या, बाजूनं हिरवी शेडनेट, वर पत्रा. त्या जाळ्यांवर सांगलीहून आणलेले ओले कपडे आणि मुलाच्या वह्या वाळत पडल्या होत्या. मावशी ऐन तरुणपणी विधवा झालेली. शेड तिनं पुढची अनेक वर्षं एका परक्या माणसाच्या साथीनं चालवली. दोघांमध्ये काय होतं ते गावाला ठाऊक होतं आणि गावानं ते कधी बोलून दाखवलं नव्हतं. लेखिकेनं लहानपणापासून त्या माणसाला 'काका' म्हटलं होतं; त्या मुक्कामात तिनं त्या दोघांकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. पुढच्या हंगामात ती रजा काढून मुद्दाम शेडवर गेली.

बेदाण्याचं काम ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं, कारण कादंबरीचा जीव तिथे आहे. द्राक्षाचे घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून जाळीवर पसरतात. मग साधारण पंधरवडाभर हवा कोरडी राहिली पाहिजे. चार किलो द्राक्षं वाळली की किलोभर बेदाणा हाती येतो. या दिवसांत अवकाळीची एखादी सर आली, हवा दमट झाली, की माल काळवंडतो, आणि हिरव्या मालाचा भाव काळ्याला कोण देणार? वर्षाची कमाई अशी वाऱ्यावर पसरलेली असते आणि माणसं रात्री उठून आभाळ बघतात. प्रेमकथेला लागतो तो ताण इथे आयता होता.

अडचण कुठे सुरू झाली

पहिला खर्डा तिनं कथावाचनाच्या एका ॲपवर भागाभागानं लिहिला, टोपणनावानं. सुरुवातीचे भाग फार चांगले होते. नायिका सुमन विधवा, सासऱ्याची शेड सांभाळते. नायक कोल्ड स्टोरेजमधला वायरमन. हंगामात माल स्टोरेजला ठेवायचा, भाव चढला की काढायचा, एवढ्या निमित्तानं त्यांच्या भेटी. वाचक जमत गेले. रोज शंभरेक प्रतिक्रिया, बहुतेक एकच: पुढचा भाग लवकर टाका.

ॲपवर रोज एक भाग टाकणाऱ्याला वरची जागा मिळायची. फेब्रुवारी उजाडला. बेदाण्याचे सौदे ऐन भरात, पाठोपाठ मार्चअखेर, दुकानातून निघायला रात्रीचे साडेआठ. भाग मात्र रोज हवा. मग जे व्हायचं तेच झालं. ज्या भागांत शेड होती, त्यांना विचार करायला, कधी मावशीला फोन करायला वेळ लागायचा. ते कमी होत गेले. त्यांची जागा गैरसमजांनी घेतली. सुमननं वायरमनला दुसऱ्या मुलीशी बोलताना पाहिलं, ती रुसली. चिठ्ठी चुकीच्या हाती पडली. पाठोपाठ वाचकांची मागणी आली की नायक जरा मोठ्या घरचा असावा. साठाव्या भागाच्या आसपास वायरमन हा स्टोरेजच्या मालकाचा लहानपणी दुरावलेला मुलगा निघाला.

वाचनसंख्या त्यानंतर वाढली, हे प्रामाणिकपणे नोंदवायला हवं. वाचकांना ते आवडलं. अडचण लेखिकेला झाली. ती माझ्याकडे आली तेव्हा लाखाच्या वर शब्द झाले होते, शेवट सुचत नव्हता, आणि तिचं म्हणणं एवढंच होतं, "मॅडम, मला आता सुमनचा आवाजच ऐकू येत नाही."

मी संपूर्ण खर्डा वाचला. गैरसमजावर चालणारी प्रेमकथा एका फोननं संपते. म्हणून लेखकाला तो फोन सतत लांबवत बसावं लागतं. इथे तेच चाललं होतं. खरा अडथळा माणसांच्या परिस्थितीत असावा लागतो, म्हणजे दोघं समोरासमोर बसून मनातलं सगळं बोलले तरी तो सुटू नये. तिच्या पहिल्या वीस भागांत तसा अडथळा अर्धा पेरलेला होता आणि पुढे विसरला गेला होता: एका रात्री स्टोरेजचा कॉम्प्रेसर, म्हणजे माल थंड ठेवणारं यंत्र, बंद पडतो, आणि ते फक्त वायरमनला माहीत असतं.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय म्हणजे ॲपवरच चालू ठेवणं. वाचक तयार होते, थोडे पैसेही सुरू झाले होते. मात्र सशुल्क मालिकेसाठी संमती देताना तिनं ज्या अटी मान्य केल्या होत्या, त्यांत मजकूर दुसरीकडे छापण्यावर बंधन होतं. अटी तिनं तेव्हा वाचल्या नव्हत्या. कुणीच वाचत नाही, पण लेखकानं वाचायला हव्यात.

दुसरा पर्याय एका प्रकाशकाकडून आला. "कथा छान आहे, लगेच काढू," असा निरोप आणि सोबत करार. करारानुसार पाचशेपैकी तीनशे प्रती लेखिकेनं सवलतीच्या दरात स्वतः विकत घ्यायच्या होत्या, रक्कम आगाऊ. पुढच्या पानावर एक ओळ होती: 'सदर साहित्याचे सर्व प्रकारचे हक्क प्रकाशकाकडे राहतील.' मुदत लिहिलेली नव्हती, श्राव्य पुस्तक की चित्रपट याचा उल्लेख नव्हता, मानधनाच्या जागी रिकामी रेघ.

या ओळीपाशी थांबायला हवं, कारण पहिल्या पुस्तकाच्या आनंदात माणसं तिच्यावरून नजर फिरवून सही करतात. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १९ नुसार हक्क सोपवायचे तर ते लेखी आणि सहीनिशी असावे लागतात. कोणत्या कृतीचे, कोणते हक्क, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि मोबदला किती, हे त्यात हवं. मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत. घेतलेले हक्क वर्षभरात वापरले नाहीत, तर करारात वेगळं काही नसल्यास ते परत लेखकाकडे येतात. कायदा लेखकाच्या बाजूनं बराच आहे. पण 'कायमस्वरूपी' असा एक शब्द करारात घातला की पाच वर्षांच्या मुदतीचं संरक्षण निघून जातं.

तिसरा पर्याय महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेचा. पहिलं पुस्तक असलेल्यांसाठी ही योजना आहे, हस्तलिखिताची छाननी होते, आणि निवड झाली तर प्रकाशनाला अनुदान मिळतं. यात मान आहे, खिशाला झळ नाही. वाट पाहायची तयारी मात्र लागते. चौथा पर्याय स्वतः छापण्याचा. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, भारतात विनामूल्य मिळतो, मागणीनुसार थोड्या प्रती छापून देणारे आता पुण्या-कोल्हापुरात आहेत. छापणं जमलं असतं; विक्री आणि टपालाचं काम नोकरी सांभाळून तिच्यानं झालं नसतं.

पाचवा पर्याय मी मांडला आणि तो कुणालाच आवडला नाही: सगळं थांबवून खर्डा पुन्हा लिहायचा, छपाईचा विचार नंतर.

काय केलं

तिनं पाचवा पर्याय निवडला, पण दोन आठवडे घेतले. त्या दोन आठवड्यांत नवऱ्याशी झालेलं बोलणं मला महत्त्वाचं वाटतं. त्याचा आक्षेप लिखाणाला नव्हता. "यार्डात सगळे ओळखतात, प्रेमाच्या कादंबरीवर आपलं आडनाव कशाला?" एवढाच प्रश्न. आडनाव सासरचं, म्हणजे दुकानदारीतल्या नातेवाइकांचं. शेवटी तिनं स्वतःचं नाव आणि माहेरचं आडनाव घेतलं. टोपणनाव सोडून दिलं.

ॲपवरची मालिका तिनं एका जुजबी शेवटावर संपवली आणि कंपनीला लिहून छापील हक्क मोकळे करून मागितले. दोन-तीन स्मरणपत्रांनंतर ते मिळाले. मालिकेचे डिजिटल हक्क त्यांच्याकडेच राहिले. नवा खर्डा आणि मालिका यांतला फरक एवढा मोठा झाला की पुढे त्यावरून वाद झाला नाही.

मग मावशी. माझा आग्रह होता की पुढचं एक पानही लिहिण्याआधी मावशीला विचारायचं. जिच्या आयुष्यावरून कथा उचलली आहे ती बाई हयात आहे, त्याच गावात राहते, आणि गावानं तिचं गुपित सांभाळलंय. ते आपण छापून उघडं करायचं का, हा प्रश्न वाङ्मयाच्या आधीचा आहे. लेखिका घाबरत गेली. मावशीनं ऐकून घेतलं, चहा टाकला आणि म्हणाली, "नाव घालू नकोस माझं. गाव बदल. पाऊस मात्र खरा लिही, नाटकातल्यासारखा नको." त्यानंतर सुमन विधवा राहिली नाही, नवऱ्यानं सोडलेली झाली, शेड जतच्या बाजूला गेली, आणि 'काकां'चा वायरमन आधीच झालेला होता. पाऊस मावशीनं सांगितला तसाच ठेवला.

पुनर्लेखनाला वर्ष लागलं. मालकाचा हरवलेला मुलगा गेला, चिठ्ठी गेली, रुसवेफुगवे बहुतेक गेले. कॉम्प्रेसरची रात्र मध्यावर आली. आता गोष्ट अशी: सुमननं स्टोरेजमधल्या बेदाण्याच्या पावतीवर तारण कर्ज काढलंय. कॉम्प्रेसर बंद पडून माल खराब होतोय हे वायरमनला कळतं. सांगावं तर नोकरी जाते आणि स्टोरेजचा मालक त्यालाच जबाबदार धरतो. न सांगावं तर सुमन बुडते. त्याचं तिच्यावर प्रेम आहे, तिला ते कळलंय, आणि तरीही हा पेच तसाच उरतो. इथे फोन करून काही सुटत नाही. उलट फोन करणं हाच पेच आहे.

वाक्यांवर काय काम झालं ते दाखवते. मालिकेत दोघं पहिल्यांदा जवळ येतात तिथे होतं: 'त्याच्या डोळ्यांत तिला आपलं अख्खं आयुष्य दिसलं. काळीज धडधडू लागलं.' छापील पुस्तकात तो प्रसंग असा आहे:

'दहाच्या सुमाराला वारं पडलं. वायव्येकडं वीज हलली. ती उठून आली तेव्हा तो आधीच ताडपत्रीचं एक टोक धरून उभा होता. दोघं दोन बाजूंनी ओढत मधल्या रॅकपाशी आले. दोरी एकच होती. "गाठ तुम्ही मारा," ती म्हणाली, "माझी सुटती." त्यानं गाठ मारली. मग सोडली, आणि तिच्या हातात दोरी देऊन म्हणाला, "बघा, अशी." पाऊस आला नाही. ती तिसऱ्यांदा गाठ मारत होती.'

यात प्रेम हा शब्द नाही आणि धडधडही नाही. हे तिला मी शिकवलेलं नाही. शेडवर ताडपत्री ओढणारी माणसं तिनं पाहिली होती. मी फक्त तिला तिकडे परत जायला सांगितलं.

प्रकाशक शोधताना तिनं आगाऊ रक्कम मागणाऱ्याला नकार कळवला. मंडळाच्या योजनेसाठी अर्जाची तयारी चालू असतानाच एका छोट्या प्रकाशकानं स्वतःच्या खर्चानं पुस्तक काढायची तयारी दाखवली. करार तिनं सांगलीतल्या एका वकिलाला दाखवला. छापील आवृत्तीपुरते हक्क, मुदत पाच वर्षं, दहा टक्के मानधन, बाकी सगळे हक्क लेखिकेकडे. डेमी आकार, सोळा पानांचे तेरा फर्मे, म्हणजे २०८ पानं.

छपाईआधी एक संकट आलं, ते मराठीत लिहिणाऱ्या प्रत्येकानं लक्षात ठेवावं. तिचा मजकूर युनिकोडमध्ये होता, मांडणी करणाऱ्यानं तो आपल्या जुन्या फॉन्टमध्ये बदलून घेतला, आणि त्या बदलात सगळीकडचा 'ऱ्या' तुटून 'र्या' झाला. या कादंबरीत व्यापाऱ्यांशिवाय पान नाही, शेतकऱ्यांशिवायही नाही. शब्दतपासणीत हे पकडलं जात नव्हतं. पहिल्या प्रुफात हे दिसलं म्हणून निभावलं. सगळं पुस्तक ओळ न् ओळ पुन्हा वाचावं लागलं, आणि त्यातला मोठा वाटा सासूबाईंनी उचलला. त्या मोठ्यानं वाचायच्या, लेखिका मूळ मजकुराशी ताडून बघायची. मधेच थांबून त्या म्हणाल्या, "त्यानं सांगायला पाहिजे होतं गं तिला." घरातली लाज बहुधा तिथेच संपली.

परिणाम

पाचशे प्रतींची पहिली आवृत्ती दीड वर्षात बरीचशी संपली. मोठा भाग तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ भागातल्या सार्वजनिक वाचनालयांत गेला, आणि प्रेमकादंबरीचा खरा वाचक तिथेच आहे असं माझं मत पक्कं झालं. दुपारी पुस्तक बदलायला येणाऱ्या बायकांनी ती एकमेकींना सांगितली. मानधनाची रक्कम नोकरी सोडण्यासारखी मुळीच नव्हती आणि लेखिकेनं तसा विचारही केला नाही. बेदाण्याच्या धंद्यातले काहीजण मात्र खास तिला भेटायला दुकानात आले. एकानं कॉम्प्रेसरच्या तपशिलातली एक चूक दाखवली, ती दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त होणार आहे.

ॲपवरचे वाचक बहुतेक हातचे गेले. हजारो माणसांनी वाचलेली मालिका आणि वेगळ्या नावानं आलेलं हे पुस्तक यांचा संबंध त्यांना कळलाच नाही. ज्या थोड्या जणींना कळला त्यातल्या काही नाराज झाल्या: मालकाचा मुलगा कुठे गेला? तक्रार चुकीची नाही. त्यांनी साठ-सत्तर भाग सोबत केली होती.

मावशीनं पुस्तक वाचलं की नाही, हे तिनं अजून सांगितलेलं नाही. कपाटात ठेवलंय, एवढं लेखिकेला दिसलं.

वेगळं काय करता आलं असतं

ॲपवर लिहिणं हा चुकीचा निर्णय होता असं मी म्हणणार नाही. त्या वाचकांमुळे ती रोज बसायला शिकली, संवाद मोकळे झाले. कच्चा खर्डा तयार नसताना रोजच्या भागाचं बंधन स्वीकारणं, तेही बेदाण्याचा हंगाम आणि मार्चअखेर तोंडावर असताना, हे टाळता आलं असतं. निदान वीस-पंचवीस भाग हाताशी ठेवून मालिका सुरू केली असती तर वाचकांच्या मागण्या ऐकूनही कथा आपल्या वाटेनं नेता आली असती.

नावाचा निर्णय योग्य होता, पण तो उशिरा झाला. मालिकेच्या शेवटच्या भागाखाली दोन ओळी लिहून, ही कथा नव्या रूपात या नावानं येत आहे असं सांगितलं असतं, तर सगळे नाही तरी पुष्कळ वाचक सोबत आले असते. छापील हक्क मोकळे होईपर्यंत तसं जाहीर करायला ती कचरली. हक्क मागणारं पत्र मालिका चालू असतानाच, तिचं वजन होतं तेव्हा पाठवायला हवं होतं.

अनुदान योजनेचा अर्ज तिनं सोडून द्यायला नको होता, असं तिच्या परिचयातल्या काही लेखकांचं मत आहे. छाननीतून गेलेल्या पुस्तकाला वेगळं वजन येतं. मला ते पटतं, पण समोर चांगला करार असताना तो हातचा घालवावा इतकं नाही. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत प्रथम प्रकाशनासाठी कादंबरीचा स्वतंत्र विभाग आहे, तिथे प्रवेशिका पाठवता येते, आणि प्रकाशकानं ती पाठवली आहे.

मावशीला विचारण्याबाबत मात्र माझं मत जरा कडक आहे. ते मालिकेच्या पहिल्या भागाआधी व्हायला हवं होतं. ॲपवरचे सुरुवातीचे भाग, विधवा सुमनसकट, अजून तिथे आहेत, आणि डिजिटल हक्क लेखिकेकडे नसल्यानं ते काढून टाकणं तिच्या हातात नाही. निदान गावाचं नाव बदलून द्यावं अशी विनंती तिनं कंपनीला केली आहे.

दुसरी कादंबरी सुरू झाली आहे. ती मिरजेत घडते, सतारी आणि तंबोरे बनवणाऱ्यांच्या गल्लीत. पंढरपूरकडून आलेला भोपळा वाळवून, कापून, त्याला गळा बसवणारा कारागीर कसा बसतो, हे बघायला लेखिका सुट्टीच्या दिवशी तिकडे जाते. या वेळी तिनं एका कारागिराच्या घरी आधीच सांगून ठेवलंय की आपण गोष्ट लिहितोय, आणि त्यातलं काय वापरायचं नाही ते त्यांनी सांगावं. फेब्रुवारी-मार्चमध्ये लिहायचं नाही, फक्त टिपणं काढायची, असं वेळापत्रक ठरलंय.